जुम्म्याच्या दुपारचं खाद्य

ब्रॉयलर कोंबडीला अक्कल नसते, हे मी तुम्हाला लिहून देते. गावठी कोंबडी ऊन चढलं की जांभळीखाली मातीत अंग खुपसून बसते, दाणे टाकले तरी उठायची नाही. आमची ही पांढरी जात खायलाच जन्माला घातलेली. समोर खाद्य दिसलं की खाणार, मग डोक्यावर आग का पेटेना. म्हणून उन्हाळ्यात तिला सकाळी लवकर भरवायचं आणि ऊन तापायच्या आत खाद्याची भांडी दोरीने वर ओढून ठेवायची, ती ऊन उतरल्यावरच खाली घ्यायची. भरल्या पोटाची कोंबडी बाहेरूनही तापते आणि आतूनही तापते, मग बसल्या जागी मरते. कंपनीचे सुपरवायझर प्रितम साहेब, कामोठ्याहून मोटारसायकलवर यायचे, त्यांनी हे पहिल्याच बॅचला शिकवलं होतं. मला शिकवलं आणि मुनाफना शिकवलं. दोघांनाही तोंडपाठ होतं.

मुनाफ म्हणजे आमचे हे. लग्न झालं तेव्हापासून कुवेतला, क्रेनवर. वर्षातून एकदा यायचे, भरलेली सुटकेस आणायचे आणि ती रिकामी झाली की जायचे. फहाद झाला तेव्हा तिकडे, अलिना झाली तेव्हा तिकडे, माझ्या अब्बांचा जनाजा उठला तेव्हाही तिकडेच. शेवटी एकदा मी विमानतळावर सोडायला जायचं नाही म्हणून दारातच बसले. म्हटलं, आता गेलात तर मुलांना घेऊन उरणला अम्मीकडे जाईन आणि तिकडेच राहीन, मग या सुटकेस घेऊन रिकाम्या घरात. खरंच गेले असते की नाही ते अल्लाहला माहीत. पण त्यांनी ऐकलं. त्या खेपेला गेले, दोन वर्षं पुरी केली आणि कायमचे परत आले.

नेऱ्याच्या पुढे त्यांच्या अब्बांची जमीन पडून होती. तिथे सिमेंटच्या पत्र्यांची शेड घातली, बाजूला आम्हाला राहायला दोन खोल्या. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते. आपण वाढवायची, कंपनीची गाडी येऊन घेऊन जाते. आमच्या दोघांत ठरलं होतं ते एवढंच, शेड चालली तर कुवेत बंद.

मला बंगला नको होता, सोनं नको होतं. मला नवरा घरी हवा होता. त्यासाठी मी त्या शेडमध्ये जीव ओतला. पिल्लं आली की मी बल्बखाली त्यांच्याबरोबर बसायचे, कुठल्या कोपऱ्यात गर्दी करतात, कुठे गप्प होतात ते बघायचे. तूस मी हलवायचे, पाण्याची भांडी मी घासायचे. पनवेलहून माझी जाऊ आली की नाकाला ओढणी लावायची. मी म्हणायचे, भाभी, कुवेतच्या अत्तरापेक्षा हा वास बरा, ह्या वासात माझा माणूस रोज जेवायला घरी येतो.

त्या मे महिन्यातली बॅच आजवरची सगळ्यात चांगली होती. एकसारखे पक्षी, पाय मजबूत, मरतूक नावालासुद्धा नाही. प्रितम साहेबसुद्धा, जे कधी कुणाला चांगलं म्हणायचे नाहीत, म्हणाले की अशीच चालली तर पावसाळ्यात मोठी बॅच देतो. मी मनात म्हटलं, झालं, आता कुवेत मेलं.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी येणार होती. त्या दिवशी सकाळपासून मुनाफ फार लाडात होते. मोरीतला नळ कितीतरी दिवस गळत होता, सांगून सांगून माझी जीभ झिजली, तो आपणहून दुरुस्त केला. आदल्या दिवशी पनवेलहून तांदळाचं पोतं आणलं होतं, ते डब्यात काठोकाठ भरलं. एक सिलिंडर चालू असताना दुसरा भरून आणून ठेवला. मला म्हणाले, "बिल्कीस, तुला आणखी काही लागतं का घरात?" मी म्हटलं, "हा सूर्य आज पश्चिमेला उगवला वाटतं." ते हसले. मलाही बरं वाटलं. मुलं सुट्टीत उरणला नानीकडे गेली होती, घरात आम्ही दोघंच. मला वाटलं, माणूस आता घरात रुळला.

मग पांढरा कुर्ता घालून जुम्म्याच्या नमाजाला निघाले. मी विचारलं, "गावातल्या मशिदीत नाही जात?" म्हणाले, "पनवेलला जरा काम आहे." स्कूटर गेली. मी चुलीपाशी सुके बोंबील भाजत बसले.

दुपारचं लोडशेडिंग ठरलेलं. पंखा थांबला तशी मी पडद्यांची गोणपाटं भिजवायला शेडकडे गेले. ऊन असं की पायाखालची माती चपलेतून भाजत होती. त्या वेळी शेडमध्ये कसा आवाज असतो ते मला माहीत आहे. चोची उघड्या टाकून सगळ्या धापा टाकत असतात, बाकी शांतता. त्या दिवशी बाहेरूनच वेगळा आवाज आला. पत्र्याच्या भांड्यावर चोची आपटण्याचा, टकटक, टकटक, सगळ्या शेडभर.

दार उघडलं. सगळी भांडी खाली होती. सगळी भरलेली. आणि आमच्या त्या बिनअकली पोरी, ज्यांना संध्याकाळी जायचं होतं, त्या एकमेकींच्या अंगावर चढून खात होत्या. दाराशी रिकामी पोती पडली होती, चौकोनी घड्या घालून एकावर एक. आमच्या घरात पोत्याच्या अशा घड्या एकच माणूस घालतो.

मी दोऱ्या ओढल्या. एक भांडं वर, दुसरं वर, हाताची साल निघाली. सगळी वर करेपर्यंत पहिली कोंबडी कोपऱ्यात उलटी पडली, पाय वर. मग तिच्या बाजूची. पंख पसरून, मान लांब करून बसायच्या आणि तशाच कलंडायच्या. पंखे बंद, मोटर बंद, टाकीत तळाशी पाणी. मी मुनाफना फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. मशिदीत खुत्बा, प्रवचन चालू असताना फोन कोण उचलतं? पुन्हा लावला, पुन्हा लावला, मग फोन तुसात फेकून दिला.

पलीकडच्या वाडीतली सोनाबाई माझी हाक ऐकून धावत आली. तिनं दारातून बघितलं आणि पदर खोचला. "विहिरीचा पानी काढतंय मी," म्हणाली. "तू फक्त आत ओत." हंडे, बादल्या, कपडे धुवायचा टब, जे हाताला लागलं त्याने पाणी आणलं. पत्र्यावर फेकलं, पडद्यांवर फेकलं, पक्ष्यांवर शिंपडलं. पत्र्यावर पडलेलं पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन जात होतं. बसलेल्या कोंबड्यांना मी पायाने उठवत होते, चला गं, उठा गं, बसू नका. उठल्या तर अंगाखालची वाफ निघून जाते. पण पोटात एवढं भरलेलं, उठतील कशा? मी एकीला उचललं, छातीशी धरलं. पोट गच्च, अंग भाकरीच्या तव्यासारखं. माझ्या हातातच तिनं मान टाकली.

"मरतात त्यांना सुरी तरी लाव, खायच्या कामी येतील," सोनाबाई म्हणाली. मी म्हटलं, "सोनाबाय, किती जणींना लावू? आणि कंपनीच्या हायत, माझ्या नाहीत." तिची भाषा माझ्या तोंडात आली तेव्हा मला रडू फुटलं. रडत रडत पाणी ओतत होते. कशाची मी, आणि कशाची कंपनी. मला त्या शेडमध्ये कोंबड्या मरताना दिसतच नव्हत्या, मला विमानतळ दिसत होतं. शेड बुडाली की कुवेत उघडलं, एवढं साधं गणित होतं आमचं.

पंखे पुन्हा फिरायला लागले तेव्हा जे मरायचं ते मरून झालं होतं. निम्म्याहून जास्त शेड पांढरी आडवी पडली होती. उरलेल्या भिंतीला चिकटून धापा टाकत उभ्या होत्या. सोनाबाई घरी जाताना एवढंच बोलली, "तुझ्या घरवाल्याला बोलू नको गं जास्त. पुरुषाचा जीव भुसभुशीत असतो." मी मनात म्हटलं, आणि माझा काय सिमेंटचा आहे?

मुनाफची स्कूटर आली. ते दारात उभे राहिले, कुर्ता अजून पांढराशुभ्र, खांद्यावर अत्तराचा वास. त्यांचं तोंड मेलेल्या माणसासारखं झालं.

"मी टाकलं खाद्य," ते म्हणाले.

"घड्यांवरून कळलं मला."

"संध्याकाळी जायच्या होत्या, बिल्कीस. उपाशी पोटी कसं पाठवायचं कुणाला? अब्बा बकरीदच्या बकऱ्यालासुद्धा आधी पाला द्यायचे, पाणी पाजायचे, मग न्यायचे. मला वाटलं, एक दिवस. पंखे चालू होते तेव्हा."

"इतक्या बॅच गेल्या तेव्हा नाही आठवले अब्बा? आजच आठवले?"

ते खाली बसले आणि मेलेल्या कोंबड्या पाय धरून एका बाजूला लावायला लागले. मला त्यांचा गळा धरावा असंही वाटत होतं आणि डोकं कुशीत घ्यावं असंही वाटत होतं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. प्रितम साहेब येणार, पोट फाडून बघणार, ते नेहमी बघतात. गेल्या वर्षी मोर्ब्याच्या बाजूला एका माणसाने असंच दुपारी खाद्य टाकलं होतं, तर साहेबांनी त्याला पुन्हा पिल्लू दिलं नाही. म्हणाले, मालकालाच कळत नसेल तर पिल्लं सोडू कुणाच्या भरवशावर? पण मालकाच्या बायकोनं टाकलं असेल तर? बायकोचं काय. बायको म्हणजे कमी अकलेची, सांगितलेलं समजत नाही, असंच म्हणतील ना? म्हणू देत. मला कुणी अक्कल कमी म्हणाल्याने माझं काही झिजत नाही. बॅच चालू राहिली पाहिजे होती.

"ऐका," मी म्हटलं. "साहेब आले की तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी बोलेन."

"काय बोलशील?"

"ते मी बघते. कसम आहे तुम्हाला फहादची, मी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, शरमेने. मी पुढे ऐकायला थांबलेच नाही.

ऊन उतरत होतं तेव्हा गाडी आली आणि तिच्या मागोमाग साहेबांची मोटारसायकल. हेल्मेट काढून ते दारात आले, जंतू आत येऊ नयेत म्हणून ठेवलेल्या चुन्याच्या ट्रेमध्ये बूट बुडवले आणि आत बघून तिथेच थांबले. कुणाला शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली बसून त्यांनी एक कोंबडी उचलली, ब्लेडने गळ्याखालची पिशवी फाडली. आतून ओलं खाद्य बाहेर सांडलं. दुसरी फाडली, तिसरी फाडली. सगळ्यांत तेच.

"दुपारी खाद्य कुणी टाकलं?"

"मी," मी म्हटलं.

"भाभी, तुम्ही?" त्यांना पटलं नाही असं मला क्षणभर वाटलं, म्हणून मी घाईघाईने बोलत सुटले. हे जुम्म्याला गेले होते, मला वाटलं संध्याकाळी जायच्या, जरा वजन वाढेल, लोडशेडिंगचं लक्षातच राहिलं नाही, आम्ही बायका, आम्हाला काय कळतं. जेवढा मूर्खपणा सुचला तेवढा ओतला. बोलताना मला स्वतःचीच चीड येत होती. ज्या शेडमधली एकेक कोंबडी मी चालीवरून ओळखायचे, त्या शेडमध्ये उभी राहून मी म्हणत होते की मला काय कळतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाठ करून मुनाफकडे बघितलं.

"मुनाफभाई, तुम्ही भले माणूस आहात म्हणून बोलतो. हा फार्म मी बंद करायला पाहिजे. पण पुढची बॅच देतो, एका अटीवर. भाभींचा पाय शेडमध्ये पडायचा नाही. खाद्य, पाणी, पडदे, सगळं तुम्ही स्वतः करायचं. दिवसातून दोनदा मी फोन करणार, मला तुमचाच आवाज पाहिजे. जमत असेल तर सांगा."

मेलेल्या कोंबड्यांच्या ढिगाशी उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं, खरं सांगते. ह्याच्यापेक्षा चांगली अट मी स्वतः मागितली असती तरी मिळाली नसती. साहेबांनी माझ्या नवऱ्याला माझ्यासाठी त्या शेडला बांधून घातलं होतं. पाय पडायचा नाही तर नाही पडणार, बाहेरून सांगेन. मी ओढणीत तोंड लपवलं. साहेबांना वाटलं असेल मी रडतेय.

मी मुनाफना डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. त्यांनी नजर वळवली. गाडीवाली माणसं जिवंत पक्षी पाय धरून पिंजऱ्यात भरत होती, पंखांची फडफड चालू होती.

"साहेब," मुनाफ म्हणाले, "मी नसणार आहे."

"नसणार म्हणजे?"

"माझा व्हिसा आला. जुन्या मालकानेच पाठवला. आज पनवेलला एजंटकडे पासपोर्ट देऊन आलो. आज तुम्ही आलात की सांगणारच होतो, शेड बिल्कीसच्या नावावर करा म्हणून. माझ्यापेक्षा तिलाच जास्त येतं."

मी ऐकलं, पण ते माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या फाडलेल्या कोंबड्यांकडे बघितलं.

"ह्यांच्या नावावर?"

"तिने नाही टाकलं खाद्य," मुनाफ घाईने म्हणाले. "मी टाकलं. ती खोटं बोलली, मला वाचवायला. कसम घालून मला गप्प बसवलं तिने. विचारा तिला."

"मुनाफभाई," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "मघाशी भाभी बोलत होत्या तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात. आता बायकोवर आलं म्हणून अंगावर घेताय. चांगली गोष्ट आहे, नवऱ्याने घ्यावंच. पण मी पिल्लं कुणाला देऊ?"

मी पुढे झाले. "साहेब, हे खरं बोलतात. मीच खोटं बोलले. मला सगळं येतं, तुम्ही विचारा, कुठलंही विचारा, कुठल्या दिवशी कुठलं औषध, किती तापमान, विचारा ना." ज्या तोंडाने मी इतका वेळ आम्हा बायकांना काय कळतं म्हणत होते, त्याच तोंडाने आता हे. माझ्यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. साहेबांनी हेल्मेट उचललं. बघू, फोन करतो, म्हणाले. तो फोन येत नसतो हे शेडवाल्या सगळ्यांना माहीत असतं.

गाडी गेली. मोटारसायकल गेली. चुना टाकून खड्ड्यात कोंबड्या पुरताना मी त्यांना म्हटलं, "नळ दुरुस्त केलात."

"हो."

"तांदूळ भरलात. सिलिंडर आणून ठेवलात. दर वेळी जाताना तुम्ही हेच करता, घर काठोकाठ भरून ठेवायचं आणि मग निघायचं. मी कशी विसरले? एवढी वर्षं बघितलं आणि आज सकाळी मला लाड वाटले." फावडं मी मातीत रोवलं. "कोंबड्यांनाही भरून चालला होतात."

"शेवटची बॅच होती माझी," ते म्हणाले. "हातात पोतं होतं आणि राहवलं नाही."

"का जाताय? शेड चालत होती ना? शेड चालली तर कुवेत बंद, असंच ठरलं होतं ना आपलं?"

ते माती ढकलत म्हणाले, "शेड तू चालवत होतीस, बिल्कीस. पिल्लं तुला ओळखतात, साहेब तुलाच विचारायचे. मी पोत्यांच्या घड्या घालायचो. तिकडे क्रेनवर बसलो की खाली पन्नास माणसं माझ्या हाताकडे बघतात. इथे मी कोण? तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

ज्याला घरी ठेवायला मी इतकी राबले, त्याला माझ्या राबण्यानेच घरात जागा उरली नव्हती. हे त्याने सकाळी, नळ पिळताना सांगितलं असतं, तर मी शेड त्याच्या अंगावर टाकून पाय पसरून बसले असते. खरंच बसले असते. बोंबील भाजत बसले असते जन्मभर.

सूर्य बुडाला, मगरीबची अजान झाली. त्यांनी नमाज पढली, मी मोरीत हात धुतले. नळ छान बंद होत होता, थेंबसुद्धा गळत नव्हता. शेडमध्ये पंखे चालूच राहिले होते, रिकाम्या तुसावर वारा घालत. बंद करायला मी गेले नाही.

मग नव्या तांदळाचा भात केला, बोंबलाची चटणी होतीच. ताट त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, "भूक नाही."

"खा," मी म्हटलं. "उपाशी पोटी कसं पाठवू?"

त्यांनी खाली मान घालून पहिला घास घेतला. मी भात वाढत राहिले आणि ते खात राहिले, ताट रिकामं होईपर्यंत.